खाल्ल्या मिठाला

नारिनच्या वर, जिथून बस वळून परत जाते
तिथून पुढे माझी हद्द.
सत्तेचाळीस घरं, कंबर मोजायची टेप,
बीपीचं यंत्र, ज्याचा पट्टा मी दोनदा शिवलाय,
आणि एक वही. थंडीत तिची पानं
पापडासारखी वाजतात.

इशेनबायच्या दंडापर्यंत पोचायला
चार कपडे उतरवावे लागतात.
तोवर तो बोलत राहतो,
मेंढ्यांचं, लांडग्याचं, धाकट्याचं,
जो मॉस्कोत दोरीला लोंबकळून
परक्यांच्या खिडक्या पुसतो.
मी म्हणते, गप्प बसा, बोलल्यानं आकडा चढतो.
तो म्हणतो, मग त्याचा फोन येतो तेव्हा
ये की एकदा मोजायला.

एकशे ब्याण्णव. खालचा एकशे दहा.

वडील कितव्या वर्षी गेले?
बावन्नाव्या. खोगिरावरच.
घोडा त्यांना घेऊन सावकाश घरी आला,
आम्हाला वाटलं, डुलकी लागलीय.
मी वहीत लिहिते: वडील, बावन्न, हृदय.
घोडा राहून जातो.

सैराकान चहा ओतते.
दूध, लोणी, आणि मीठ चिमटीनं नाही,
मन लावून.
शेपटीच्या चरबीचा पांढरा तुकडा
पाहुणी म्हणून माझ्याच बशीत.
कमी खा, असं सांगत सांगत
मी तो खाते.
इशेनबायच्या ओठाआड नासवायची हिरवी गोळी;
तंबाखू नव्हे गं ही, म्हणतो, सवय आहे.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
यांचं रक्त जागतं.
रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतं
कानशिलात टापा वाजवत,
आणि हे दोघं कुशी बदलत म्हणतात,
वारा सुटलाय.

तीन महिन्यांच्या गोळ्या देऊन मी उतरले.
मग बर्फ पडलं, खिंड बंद झाली,
वही फळीवर राहिली.

वाट उघडल्यावर परत गेले.
एकशे ब्याऐंशी.
रोज घेता?
रोज, देवाशपथ.
सकाळी?
सकाळी, चहाबरोबर.
मी यंत्रावर संशय घेतला, पट्ट्यावर घेतला,
माझ्या कानांवर घेतला.
मग मीठ हवं म्हणून सैराकानने
कपाटातली वाटी काढली,
आणि तिच्या शेजारी दुसरी वाटी:
अर्ध्या गोळ्या. शेकडो नव्हत्या, वीसेक असतील,
कडा खडबडीत,
लोकर कातरायच्या कात्रीनं कापलेल्या.

एक अर्धी त्याची, म्हणाली. एक माझी.
तुला कुणी दिल्या?
कुणी कशाला द्यायला हव्यात?
त्याचं डोकं दुखायचं तसंच माझंही दुखतं.
भाकरी मोडून खातो, 
गोळी काय एकट्यानं गिळायची?

गेल्या शरदात तिनं दंड दिलाच नव्हता.
मला कसली धाड भरलीय, म्हणाली होती,
आणि शेणाच्या गोवऱ्या आणायला गेली होती
वारा तोंडावर घेत.
मीही फार आग्रह केला नव्हता,
अजून सहा घरं बाकी होती.

आता तिनं स्वतः बाही वर केली.
एकशे अठ्ठ्याहत्तर.
इशेनबाय पहिल्यांदाच गप्प बसला.
त्याचा आकडा ऐकून तो हसला होता;
तिचा ऐकून त्यानं ओठातली गोळी
थुंकून चुलीत टाकली.
(ती सुटली असं मी म्हणत नाही.
संध्याकाळी दुसरी लावली असेल.)

वहीत मी तिच्यासाठी ओळ आखली.
पिशवीतल्या, पुढच्या घराच्या गोळ्यांतून
पंधरा दिवसांच्या तिला मोजून दिल्या,
पुढच्या घरी काय सांगायचं
ते चालता चालता ठरवीन म्हणून.
निघताना तिनं चहा दिला. बिनमिठाचा.
तिघांनी तोंडं वाकडी केली.
अळणी, म्हणाला इशेनबाय,
मेल्यासारखं अळणी.
पण पेला रिकामा करून त्यानं पुन्हा पुढे धरला.

फाटकापर्यंत पोचले तर मागून हाक:
अगं ए! साखर तरी चालते ना?

वारा होता.
ऐकू आलं नाही, असं मी केलं,
दहा पावलं.
मग उसासा टाकून परत फिरले.